जुन्या घराची हमी कोण घेणार?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पुलगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून विद्या, विवाह आणि व्यवसाय या तीन विषयांवर बोलण्याचा आपला परिपाठ आहे. आज आम्ही तो मोडून घराच्या भिंती, वासे आणि नळ यांविषयी बोलणार आहोत, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. परंतु बांधलेले घर पन्नास-साठ वर्षे राखून पाहावे, हे सांगावयाचे मात्र ते विसरले असावेत. बांधण्याचे कष्ट दोन वर्षांचे असतात. राखण्याचे कष्ट पिढ्यान्‌पिढ्या पुरतात, हे आपणां सर्वांच्या अनुभवाचे आहे.

या विषयास निमित्त झाले ते असे. गेल्या दिवाळीत आमच्या एका वयोवृद्ध ज्ञातिभगिनींकडे फराळास जाण्याचा योग आला. गावात कापडगिरणीचा भोंगा वाजत होता आणि आर्वीकडे छोटी गाडी जात होती, त्या काळात त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेले घर. आज भोंगाही नाही आणि ती गाडीही नाही. घर मात्र उभे आहे, आणि त्यात या माउली एकट्या राहतात. चिरंजीव अमेरिकेत असतात. त्यांनी आईस दूरध्वनीवरून विचारले होते की, आम्ही येथे जुने घर घेतले तेव्हा त्याची वर्षभराची ‘वॉरंटी’ विकत घेतली. तशी आपल्या पुलगावच्या घराची मिळत असेल तर चौकशी कर, पैसे मी भरतो. चौकशीचे काम माउलींनी आमच्याकडे सोपविले. चौकशी करता करता आमच्या ध्यानात आले की, हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या समाजातील कितीतरी घरांत आज म्हातारी माणसे आणि म्हातारी भिंत एकमेकांच्या आधाराने उभी आहेत, आणि मुले पुण्यास, नागपुरास अथवा परदेशी आहेत. म्हणून त्या चौकशीचे फलित आपणांपुढे ठेवतो.

प्रथम, अमेरिकेत ही ‘घराची वॉरंटी’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. तेथे १९७१ साली ‘अमेरिकन होम शील्ड’ या कंपनीने असे करार विकण्यास प्रारंभ केला. करार साधारणतः एका वर्षाचा असतो. घर उबदार ठेवणारी यंत्रणा, पाणी तापविण्याचे यंत्र, नळ, विजेच्या तारा, शीतकपाट यांपैकी करारात लिहिलेली वस्तू वापराने बिघडली, तर कंपनी आपला कारागीर पाठविते आणि दुरुस्ती करून देते. त्यासाठी वर्षाला काही शे डॉलर द्यावे लागतात, शिवाय कारागिराच्या प्रत्येक फेरीचे निराळे शुल्क असते. जुने घर विकताना घेणाऱ्याच्या मनात शंका राहू नये म्हणून पुष्कळदा विकणाराच हा करार घेऊन देतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा विमा नव्हे. आग, वादळ यांपासून होणाऱ्या नुकसानीचा विमा तेथील लोक स्वतंत्रपणे घेतात. विमा अपघाताचा असतो, तर वॉरंटी झिजेची असते.

आता, जुने घर म्हटले की वस्तू बिघडणारच. मग हा करार जुन्या घरासच अधिक लाभदायक नाही काय? वरवर पाहता तसे वाटते. परंतु करारातील बारीक अक्षरे वाचली म्हणजे दुसरी बाजू दिसते. करार होण्यापूर्वीच जो दोष वस्तूत होता, त्याची जबाबदारी अशा करारात बहुधा घेतलेली नसते. देखभाल नीट झाली नसेल तर जबाबदारी नाही. एका वस्तूमागे अमुक रकमेपलीकडे खर्च नाही. पाया आणि भिंती तर सामान्यतः करारात येतच नाहीत. म्हणजे वस्तू जितकी जुनी तितकी ती बिघडण्याचा संभव अधिक, आणि जितकी जुनी तितकेच ‘हा दोष पूर्वीचाच आहे’ असे म्हणण्यास कंपनीस निमित्तही अधिक. ज्या कारणासाठी आपण करार घेतो, तेच कारण पुढे करून तो नाकारला जाऊ शकतो. जुन्या घराच्या हमीतील मूळ गाठ ही आहे, आणि ती समुद्रापलीकडे जशी आहे तशीच आपल्या पुलगावातही आहे.

आपल्याकडे संपूर्ण घराची अशी हमी बाजारात रूढ झालेली नाही. तथापि तिचे तुकडे मात्र निरनिराळ्या नावांनी आपल्या दारी येतात. ते एकेक करून तपासू.

पहिला तुकडा कायद्याचा. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १४ अन्वये, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात वा कारागिरीत दोष आढळून तो कळविला, तर बांधणाऱ्याने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. महाराष्ट्रात त्यासाठीचे प्राधिकरण मे २०१७ पासून काम करीत आहे. आपल्यापैकी ज्यांच्या मुलांनी नागपूर-पुण्यास नवी सदनिका घेतली आहे, त्यांनी ही पाच वर्षे वाया जाऊ देऊ नयेत. ही हमी खरेदीतच मिळालेली आहे, तिचे वेगळे पैसे कोणी मागू लागल्यास ते देऊ नयेत. परंतु आजोबांनी बांधलेल्या घरास हा कायदा लागू पडत नाही. त्यांच्या गवंड्यास आता कोणत्या दरबारात बोलवावे?

दुसरा तुकडा कारागिरांच्या आणि कंपन्यांच्या हमीचा. वाळवीनाशक फवारणीची पाच वर्षांची हमी, गच्चीच्या गळतीवर लावलेल्या लेपाची हमी, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा, कुलरचा वा मोटारीचा वार्षिक देखभाल करार, ही सारी याच कुळातली. यांविषयी परीक्षण करण्यापूर्वी आपल्या घरांना कोणते आजार होतात, ते पाहिले पाहिजे. कारण रोग न ओळखता औषध घेणे शहाणपणाचे नव्हे.

आपली जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात पडलेली भेग आपणांस दिसते. तीच माती पायाखाली असते, हे आपण विसरतो. पाया उथळ असला की भिंतीला चैत्र-वैशाखात तिरकी भेग पडते आणि आषाढात ती मिटल्यासारखी वाटते. दुसरा आजार उन्हाचा. पारा पंचेचाळिसापुढे गेला की गच्चीवरील लेप तडकतो आणि पहिल्या पावसात भिंतीवर ओल उमटते. तिसरा वाळवीचा. सागवान तिला पुष्कळ काळ दाद देत नाही, पण ओल लागलेल्या चौकटीचा पाय शेवटी तिच्या तोंडी जातो. चौथा कवेलूंचा, माकडे धावली, की मृगापूर्वी कवेलू फेरणे चुकत नाही. पाचवा आणि सर्वांत भयंकर आजार विजेच्या जुन्या तारांचा. दोन दिवे आणि एक पंखा यांसाठी ओढलेल्या तारेवर आज कुलर, मोटर आणि शीतकपाट चालते.

या पाच आजारांपैकी पहिल्याची, म्हणजे काळ्या मातीमुळे पडणाऱ्या भेगेची हमी देणारा कोणीही आम्हांस भेटला नाही. चौथ्या आणि पाचव्याची गरजच नाही. तेथे हमी नको, काम हवे. राहिले दोन, गळती आणि वाळवी. त्यांपैकी वाळवीचा आमचा स्वतःचा अनुभव आम्ही येथे निवेदन करतो, आणि त्यात आमचाच दोष अधिक होता, हेही प्रारंभीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या माजघराच्या चौकटीस वाळवी लागली. एका व्यवसायिकाकडून आम्ही घरभर फवारणी करून घेतली. भिंतीच्या कडेने फरशीत छिद्रे पाडून औषध सोडले गेले, बारा हजार रुपये दिले गेले आणि पाच वर्षांच्या हमीचे एक सुबक प्रमाणपत्र हाती आले. ते आम्ही देवघरातील पेटीत, जमिनीच्या कागदांसोबत, जपून ठेविले आणि निर्धास्त झालो. तिसऱ्या वर्षी चौकटीच्या पायथ्याशी पुन्हा मातीची रेघ दिसली. आम्ही प्रमाणपत्र घेऊन गेलो. त्या गृहस्थांनी माणूस पाठविला, त्याने पाहणी केली आणि प्रमाणपत्राच्या मागील बाजूवर बोट ठेविले. तेथे लिहिले होते की, दरवर्षी एकदा पाहणीची मागणी घरधन्याने लेखी करावी. आणि फरशी अथवा न्हाणीघर यांत फेरफार केल्यास त्या भागाची हमी संपेल. आम्ही एकही वर्ष लेखी मागणी केलेली नव्हती, आणि दुसऱ्याच वर्षी न्हाणीघराची फरशी नवी केली होती. राग पुष्कळ आला. परंतु पाठीमागची बाजू आम्ही तीन वर्षांत एकदाही वाचली नव्हती, हे कोणास सांगणार? अखेर गावच्या सुताराने चौकटीचा हातभर भाग कापून नवे सागवान जोडले आणि न्हाणीघरातून झिरपणारी ओल बंद केली. त्यानंतर आजवर वाळवी दिसलेली नाही. रोग ओलीत होता. आम्ही मात्र प्रमाणपत्राची पूजा करीत होतो.

यावरून सर्वच हमीपत्रे निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. फवारणी चांगली होती. ज्या भागात ओल नव्हती तेथे तिने आपले काम केले. आमचे म्हणणे एवढेच की, हमी ही कामाच्या पाठीमागे उभी असते, कामाच्या जागी नव्हे. आधी ओल काढावी, मग फवारणी करावी, आणि मग हमी मागावी. गच्चीचेही तेच. पाण्याचा उतार चुकलेला असता वरून कितीही लेप दिला, तरी त्याची हमी कागदापुरतीच राहणार.

तिसरा तुकडा विम्याचा. पुलगावच्या माणसाला त्याचे महत्त्व पटवून देण्याची आवश्यकता नसावी. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर येथील दारूगोळा भांडारात आग लागून जे स्फोट झाले, त्यांत कर्तव्य बजावीत असताना जवानांना आणि अग्निशामक दलाच्या लोकांना प्राणास मुकावे लागले. त्या रात्री आसपासच्या गावांतील लोक घरे सोडून बाहेर पडले. अशा आपत्तीपुढे कोणतीही वॉरंटी उपयोगाची नाही. कारण स्फोट म्हणजे झीज नव्हे. तेथे विमाच हवा.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ‘भारत गृहरक्षा’ नावाची एकाच नमुन्याची गृहविमा योजना ठरवून दिली आहे. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी फुटणे अथवा ओसंडणे, अशा संकटांनी झालेले नुकसान तिच्यात येते. विम्याची रक्कम जमिनीच्या किमतीवर नव्हे, तर घर पुन्हा बांधावयास किती खर्च येईल त्यावर ठरते. समजा, आपले घर आतून आठशे चौरस फूट आहे आणि बांधकामाचा दर फुटाला अठराशे रुपये धरला, तर रक्कम चौदा लक्ष चाळीस हजार होते. घरातील सामानासाठी या रकमेच्या वीस टक्के, परंतु दहा लक्षांपेक्षा अधिक नाही, इतके संरक्षण त्यात आपोआप येते. म्हणजे आपल्या उदाहरणात दोन लक्ष अठ्ठ्याऐंशी हजार. करार एकदम दहा वर्षांपर्यंतचाही करता येतो. मात्र हेही ध्यानात असू द्यावे की, सदोष बांधणीमुळे खचलेली भिंत, किंवा तारेत दोष होऊन जळालेले विजेचे यंत्र यांची भरपाई तो देत नाही. आणि चोरीची भरपाई केवळ आपत्तीनंतरच्या सात दिवसांत, तिच्यामुळे झालेल्या चोरीपुरती असते. घर मातीच्या भिंतींचे अथवा लाकडी असेल तर अर्जात ते खरे लिहावे. अर्जातील खोटे आपत्तीच्या दिवशी उघडे पडते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विमा घ्यावा, हे आम्ही निःशंकपणे सांगतो. कारण घर कोसळले तर ते पुन्हा उभे करण्याची ऐपत आपल्यापैकी फार थोड्यांची आहे. परंतु झिजेची हमी विकत घ्यावी काय? येथे थोडे गणित करू. समजा, यंत्रांच्या देखभालीचे निरनिराळे करार मिळून वर्षाला सहा हजार रुपये होतात. तेवढेच पैसे, म्हणजे महिन्याला पाचशे, टपाल कचेरीच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर पाच वर्षांत मुद्दलच तीस हजार होते, आणि व्याज वर. मोटर जळाली तर त्यातून नवी घेता येते. न जळाली तर पैसे आपलेच राहतात. कराराचे पैसे मात्र यंत्र बिघडो वा न बिघडो, वर्षअखेर संपतात. ज्याच्याजवळ थोडी शिल्लक आहे आणि ओळखीचे कारागीर आहेत, त्याने स्वतःची हमी स्वतः घ्यावी, हाच हिशेब बरोबर ठरतो.

हे गणित आम्ही त्या माउलींपुढे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, पैसे तं पोरगा धाडते, पन बोलावलं का येनारा मानूस कोन धाडन?’’

बंधुभगिनींनो, या एका वाक्याने आमचा हिशेब अपुरा ठरला. मे महिन्याच्या दुपारी कुलर बंद पडला आणि घरात सत्तरी ओलांडलेली व्यक्ती एकटी असली, तर टपाल कचेरीतील ठेव तिला वारा घालीत नाही. पूर्वी सुतार, गवंडी आणि घर यांचे नाते पिढ्यांचे असे. मृग जवळ आला की कवेलू फेरणारा न बोलावता येई. ते नाते विरळ झाले आहे, आणि आपण ज्यास देखभालीचा करार म्हणतो, तो त्या नात्याचीच विकत घेतलेली प्रतिकृती होय. म्हणून एकट्या वृद्धांच्या घरी, ज्या एक-दोन यंत्रांवाचून दिवस निभत नाही त्यांपुरता करार घेणे हे गणितात तोट्याचे असले, तरी व्यवहारात शहाणपणाचे ठरू शकते. मात्र तो गावात अथवा वर्ध्यास ज्याचा माणूस आहे त्याच्याकडूनच घ्यावा. दूरच्या शहरातील दूरध्वनीवर दहा आकडे दाबावयास लावणाऱ्याकडून नव्हे.

सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. बोलावल्यापासून किती तासांत माणूस येईल? सुटे भाग दरात धरले आहेत, की केवळ मजुरी? आधीपासून असलेल्या दोषाचे काय, आणि तो तपासून आजच लिहून देणार काय? हमी टिकविण्यासाठी आम्ही दरवर्षी काय करावयाचे? आणि व्यवसाय बंद पडला तर हमी कोण पाळणार? उत्तरे तोंडी घेऊ नयेत. पावती, करार आणि दुरुस्तीपूर्वीचे छायाचित्र एका वहीत ठेवावे. दिलेला शब्द पाळला गेला नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदविता येते, आणि वर्ध्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. परंतु तेथे कागद बोलतो, आपला संताप नव्हे.

त्या माउलींच्या घराचे शेवटी काय ठरले, हे जाणण्याची आपणांस उत्सुकता असेल. चिरंजीवांनी पाठविलेल्या पैशांतून प्रथम विजेच्या सर्व तारा बदलल्या आणि गळती होताच प्रवाह तोडणारी कळ बसविली. नंतर घराचा विमा उतरविला. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणि कुलर यांचे दोन लहान करार स्थानिक माणसाशी केले. बाकीचे पैसे टपाल कचेरीत आवर्ती ठेवीत जातात. भिंतीवरील तिरक्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेविली आहे. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे असे समजावयाचे आणि अभियंत्यास बोलवावयाचे. संपूर्ण घराची हमी मात्र कोणाकडूनच घेतली नाही, कारण ती कोणी देतच नाही.

जाता जाता मंडळास एक विनंती. आपल्या समाजात अभियंते आहेत, वीजतंत्री आहेत, वकील आहेत. दरवर्षी मे महिन्यात त्यांपैकी चौघांनी एक आठवडा काढून एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरे पाहावीत, त्यांच्यापुढे आलेले करार त्यांस वाचून दाखवावेत, आणि विश्वासू कारागिरांची नावे मंडळाच्या वहीत नोंदवून ठेवावीत. यास फारसा पैसा लागणार नाही. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे म्हणतात. परंतु वासे फिरण्यापूर्वी घराकडे फिरकणारी चार माणसे असली, तर जुने घरही पुष्कळ काळ टिकते. माउलींनी आम्हांस जे विचारले, त्याचे उत्तर बाजाराने अर्धेच दिले आहे. उरलेले अर्धे आपणच देणे आहोत.